नायकांस कळावे की डायनामो बसला

बोरी अरब,
ता. ९ फेब्रुवारी १९५९

गुलाबसिंग नायक यांस जावई उकंडाचा रामराम.

नायकजी, हे पत्र तुमच्यापुढं गंगीच वाचणार हे मले माहीत आहे, कारण तुमच्या तांड्यात अक्षर ओळखणारं दुसरं कोणी नाही. तरी नाव तुमचं घातलं. नसाबेत, म्हणजे तांड्याच्या पंचायतीत, सगळ्यायच्या समोर तुम्ही जे बोलले त्याचा जवाब तुमालेच द्यायचा आहे, बायकोले नाही.

काय बोलले ते मी विसरलो नाही. "हा शाळेत गेला, अर्ध्यातून उठला. लोहाराकडं गेला, अर्ध्यातून उठला. ट्रकवर गेला, तिथूनही उठला. होळीपर्यंत यानं एक काम, एकच, सुरू करून शेवटाले नेलेलं मले दाखवावं. नाही तं गंगी माझ्याच घरी राहील अन् नसाब तिची सोडचिठ्ठी करील." मी म्हटलं, ट्रकवर असताना लायसन काढलं ते पुरं काम नाही काय? तुम्ही म्हणाले, तो कागद आहे. सगळे हासले. मलेही हासू आलं होतं, पण मी दाबलं.

तं सांगायचं असं की काम भेटलं.

मी यवतमाळले चाललो होतो, पायी. सर्व्हिस मोटारीत बसणारच होतो, पण दारव्ह्याच्या नाक्यावर एक दरवेशी अस्वल घेऊन भेटला. त्याच्या अस्वलाले म्हणे ताक लागते. ताक पाजलं नाही तं ते नाचत नाही, नुसतं बसून राह्यते अन् लोकायकडं पाह्यते. असं अस्वल मी पाह्यलं नव्हतं. त्याच्यासंगं गोष्टी करता करता मोटार निघून गेली. बोरीपर्यंत आम्ही तिघं सोबत आलो.

बोरीत एका घरासमोर लहानशी काळी विलायती मोटार उभी होती अन् एक म्हातारी तिले मागून ढकलत होती. आत स्टेरिंगवर एक बाई बसल्या होत्या. मी उभा राहून पाहून राह्यलो.

"हात लावता का नुसते डोळेच लावता?" म्हातारी म्हणाली. हिचं नाव भागीरथा. बाईच्या घरचा सैपाक हिच्याकडं. जिभेचा दांडपट्टाही हिच्याकडंच.

मी हात लावला. मोटार सुरू झाली, फाटकापर्यंत गेली अन् मेली. बाई खाली उतरल्या. या विमलताई, डॉक्टरीण. नवरा वारला, मोटार मागं राहिली. आजूबाजूच्या वीस-पंचवीस गावांची बाळंतपणं याच करतात.

"मोटारीतलं कळतं का तुला?" ताई म्हणाल्या.

"कळते."

"किती?"

"ट्रकवर होतो."

"ट्रकवर कोंबड्याही असतात," भागीरथा म्हणाली.

मी बॉनेट उघडलं. डायनामो गेला होता. नायकजी, डायनामो म्हणजे तूप ठेवायच्या बरणीएवढं एक लोखंडी नळकांडं. इंजिन फिरलं की रबरी पट्ट्यानं हेही फिरते अन् बॅटरीले वीज देते. हे मेलं की बॅटरी आपलं साठवलेलं खाऊन खाऊन संपते. दिवसा गाडी कशीबशी ओढते, पण दिवे लावले की गावाच्या शिवेपर्यंतही जात नाही. स्टेरिंगसमोर मसुरीच्या दाण्याएवढा एक लाल दिवा आहे. डायनामो ठीक असला की इंजिन सुरू झाल्यावर तो विझते. ताईचा लाल दिवा दिवाळीपासून विझलाच नाही. अंधार पडल्यावर कोणाचं बोलावणं आलं तं त्यायले बैलगाडीतून जावं लागते. एकदा त्या पोचल्या तवा पोरगं आधीच येऊन रडून झोपून गेलं होतं. ताई हे हासत सांगतात, पण भागीरथानं मले हळूच सांगितलं, दुसऱ्या एका गावी तसं झालं नाही.

यवतमाळचा मिस्त्री म्हणाला होता, मोटार इकडं आणा, इंजिन उचलावं लागते. म्हणून ती तशीच पडून राह्यली. ताई मले म्हणाल्या, "इथं अंगणात बसवून दाखवलास तर मोटार चालवायची जागा तुझी. राहायला मागची खोली."

नायकजी, हेच माझं काम. होळीले मी ही मोटार घेऊन तांड्यात येतो.

(गंगे, हे मोठ्यानं वाचू नको. डायनामो कसा बसवतात मले माहीत नाही. ट्रकवर उस्ताद बसवत होता तवा मी पाह्यलं, तेही अर्धं, कारण मधातच त्यानं मले पानं आणायले धाडलं अन् पानवाल्याकडं पोपट होता. पण ताईले मी हो म्हणून बसलो. आता मोठ्यानं वाच.)

सगळ्यायले रामराम. गंगीच्या याडीले सांगा, जेवतो.

तुमचा जावई
उकंडा


बोरी अरब,
ता. १७ फेब्रुवारी

नायकजी, रामराम.

जुना डायनामो निघाला. हे एका ओळीत लिहिलं, पण निघाला एका ओळीत नाही.

तुम्ही मोटारीच्या पोटात कधी पाह्यलं नसंल. ट्रकचं पोट म्हणजे बाजार, माणूस आत उभा राहून बिडी ओढू शकते. या मोटारीचं पोट म्हणजे पेरणीच्या दिवसातली, बियाण्याच्या पोत्यायनं भरलेली खोली. एका बाजूले इंजिन, दुसऱ्या बाजूले पत्रा, अन् दोघायच्या मधात डायनामो असा दाबून बसवला की जसा काही कोणी लपवला. तीन बोल्ट आहेत. वरचा हाताले लागते. खालचा समोरचा चाचपून भेटते. खालचा मागचा मात्र दिसतही नाही अन् वरून तिथं पानाही जात नाही. मी मोटारीखाली उताणा निजलो, स्टेरिंगच्या दांड्याच्या मागून हात घातला, तं बोटं पोचली. पण पाना घेतला की हात पोचत नाही, अन् हात पोचला की पाना फिरायले जागा नाही. दोन दिवस मी त्या बोल्टले नुसता हात लावून परत येत होतो, देवळात जाऊन आल्यासारखा.

भागीरथा दळण निवडत अंगणात बसते. "काय रे, मोटार दुरुस्त करून राह्यला का तिच्याखाली संसार मांडून राह्यला?"

"जागाच नाही आजी."

"माझ्या सुनंचंही तेच म्हणणं असते."

मंग मले सुचलं की हात वाकते, पाना वाकत नाही, म्हणून अडलं. मी पाना घेऊन इथल्या लोहाराकडं गेलो. भट्टीत लाल केला अन् मानेपाशी वाकवला, झाऱ्याच्या दांड्यासारखा. मले वाकवता आलं, कारण लोहारकाम मी अर्धं का होईना शिकलो होतो. त्या अर्ध्यात वाकवणं होतं, सरळ करणं नव्हतं. त्याच्याकडं एक वखराची पास आली होती, तीही मी ठोकून दिली. भाता ओढायले मजा येते. मंग एक खुरपं आलं. मंग दुपारच झाली. पण परत आलो, नायकजी. हे ध्यानात घ्या, परत आलो.

वाकडा पाना गेला. एकदा फिरवला की सरसोभर फिरते, काढायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा सरसोभर. बोल्ट बाहेर यायले सकाळ गेली. निघाला तवा नट सुटून खालच्या पत्र्यात कुठंतरी पडला अन् दिसेना. मी चुंबक मागितलं, काठी घातली, आरसा धरला. शेवटी भागीरथानं मोटारीले बाजूनं धरून अशी हलवली की सुपात जवारी पाखडून राह्यली आहे, अन् नट टणकन जमिनीवर.

डायनामो तरीही निघेना. वर इंजिनाचा नळ आडवा येते. सरळ ओढला, अडला. आडवा केला, अडला. मंग त्याले खाली ढकलून, तोंड मागं करून, गायीच्या पोटातून वासरू फिरवून काढतात तसा काढला. ताई दवाखान्यातून आल्या होत्या, हात बांधून पाहून राह्यल्या होत्या. "पायाळू होता," म्हणाल्या.

माझ्या बोटायची सालं गेली. ताईनं औषध लावलं तवा मी ओरडलो नाही. (गंगे, ओरडलो.)

आता दुसरा डायनामो यवतमाळच्या भंगारवाल्याकडून आणायचा आहे. नवा मुंबईहून येते, अन् येईपर्यंत होळी होऊन जाईल.

तुमचा जावई
उकंडा


बोरी अरब,
ता. २८ फेब्रुवारी

नायकजी, रामराम.

यवतमाळले गेलतो. डायनामो भेटला, त्याच नमुन्याच्या मोटारीचा. भंगारवाल्याच्या बाजूले कुस्त्यायची दंगल होती अन् ढोल वाजून राह्यले होते. एक कुस्ती पाह्यली असती तं कोणाचं काही गेलं नसतं. पण मी डायनामो मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीत बसून राह्यलो, पोर झोपवल्यासारखा. गाडी सुटली तवा आखाड्यातून मोठा कल्ला उठला. कोण पडलं ते मले अजून माहीत नाही. तुम्ही चौकशी करा अन् कळवा.

बसवला. जसा निघाला तसाच उलटा फिरवून घातला. तिन्ही बोल्ट लागले, जाड तार जाड खुंटीले, बारीक तार बारीक खुंटीले. आता पट्टा. पट्टा इंजिनाच्या चाकावरून डायनामोच्या चाकावर येते. डायनामोले बाहेरच्या बाजूले ओढून धरायचं अन् वरचा बोल्ट आवळायचा की पट्टा ताणला जाते. पट्टा हाती घेतला अन् मले तुमचीच आठवण झाली.

तुम्ही लदेणीच्या गोष्टी सांगता, मिठाच्या गोण्या पाठीवर घातलेले बैल कसे जायचे त्या. एकदा तुम्ही तुमच्या म्हाताऱ्या बैलावर गोणी घालून मले दाखवलं होतं. पोटाखालून तंग घेतला, गुडघा त्याच्या बरगडीले लावला अन् असा आवळला की बैल फुसकन बोलला. म्हणाले, "तंगाखाली बोट गेलं नाही पायजे." मी तसंच केलं. डायनामो अन् इंजिन यायच्या मधात कुऱ्हाडीचा दांडा घातला, त्याच्यावर सगळा भार टाकला अन् बोल्ट आवळला. पट्टा असा झाला की वाजवला तं तुणतुण्यासारखा वाजावा. बोट काय, सुई जाणार नाही.

ताईनं मोटार सुरू केली. लाल दिवा विझला. नायकजी, तो विझला तवा ताई नुसत्या त्या दिव्याकडं पाहत बसल्या. मंग आम्ही गावातून एक फेरी मारली. उन्हात दिवे लावले. मारुतीच्या पारावरचे लोक म्हणाले, उन्हात दिवे कायले लावता? मी म्हटलं, आहेत म्हणून.

थोडं किरकोळ काम बाकी आहे, तेवढं झालं की कळवतो.

(गंगे, मनात वाच. फेरी संपायच्या आत डायनामो रडायले लागला, डुकरावानी. मंग त्याच्यातून धूर आला. खोलून पाह्यलं तं समोरचं बेअरिंग जळून निळं पडलं होतं. पट्ट्यानं त्याले बाजूले असं ओढलं की बिचाऱ्याले फिरायलेच जागा राह्यली नाही. ताई म्हणाल्या, पुस्तकात पट्टा सैल ठेवायला सांगितला असेल. मोटारीचं इंग्रजी पुस्तक कपाटात होतं, आम्ही कोणी पाह्यलंच नव्हतं. भागीरथा म्हणाली, एवढा आवळते तं बायको कायले टिकंल. नायकाले हे सांगू नको. त्यायच्याच शिकवण्यानं झालं असं मी कसं लिहू? अन् आज खरंच मले मोटारीचा कंटाळा आला होता. फाटकाबाहेर गोंडायचं लगन चाललं होतं, वाजंत्री होती. मी फाटकापर्यंत गेलो अन् परत आलो. हे मात्र तू कोणालेही सांगू शकते.)

तुमचा
उकंडा


बोरी अरब,
ता. ८ मार्च

नायकजी, रामराम.

अन् गंगे, तुलेही रामराम, तुले मोठ्यानं.

काल बाजार होता. तुमचा पुतण्या सेवादास बकऱ्या घेऊन आला. घराले लागूनच असलेल्या दवाखान्याच्या ओसरीवर पंधरा-वीस बाया बसल्या होत्या, ताई होत्या, भागीरथा होती. हा फाटकातूनच ओरडला, "भिया, काकानं निरोप देला. जावयाले सांग म्हणाले, तंगाचं अर्धंच शिकला."

मी म्हटलं, "काकाले कोणी सांगितलं?"

"काय कोणी सांगितलं? गंगी वाचते, सारा तांडा ऐकते. तुझं पत्र आलं की शेजारच्या तांड्यातूनही लोक येतात. तो पोपट, अन् ते बोटं सोलली तवा ओरडलो म्हणते ते, ते तं तिले दोनदा वाचायले लावलं."

म्हणजे गंगे, तू पयल्या दिवसापासून कंसातलंही वाचून राह्यली. मले वाटत होतं मी तुझ्या कानात बोलून राह्यलो. ओसरीवरच्या बाया तोंडाले पदर लावून हासत होत्या. ताईनं मले विचारलं, "कंसात काय काय लिहिलंस रे?" मी मोटारीखाली गेलो अन् बराच वेळ तिथंच राह्यलो, काही काम नसताना.

पण नायकजी, निरोपाचा दुसरा अर्धा भाग सेवादासनं सांगितला तवा मी बाहेर आलो. तुम्ही म्हणाले, तंग आवळायच्या टायमाले बैल श्वास कोंडून पोट फुगवते. लबाड असते. म्हणून तवा बोट जाता कामा नये. मंग त्याले चार पावलं चालवायचं. चालला की श्वास सोडते, पोट खाली बसते, अन् तंगाखाली दोन बोटांची जागा आपोआप होते. तेवढी असली तं गोणीही सरकत नाही अन् कातडीही सोलत नाही. ती दोन बोटं हाच खरा तंग.

हे तुम्ही त्या दिवशी सांगतच असाल. मी तवा तिथं नसंन. मले वाटते नाल्याकडं मोर ओरडला होता.

मोटार पोट फुगवत नाही, नायकजी. ती जशी उभी तशीच पळते. एवढीच गोष्ट. ती ध्यानात न घेता मी लोखंडाले बैलासारखं आवळलं. ताईनं इंग्रजी पुस्तक काढलं अन् वाचून दाखवलं, पट्टा अंगठ्यानं दाबला तं बोटाच्या पेराएवढा दबावा. म्हणजे तुमची दोन बोटं अन् सायबाचं एक पेर, हिशोब एकच.

आता मले एकच भेव आहे. तुम्ही मदत केली, तं हे काम माझं धरतील का नाही? नसाबेले विचारून ठेवा. अन् होळीले दोनच आठवडे आहेत, बेअरिंग अजून आणायचं आहे, डायनामो पुन्हा काढायचा आहे, तोच मागचा बोल्ट. सेवादास निघताना म्हणाला, काका म्हणत होते, यानं आता सोडलं तं मी काही बोलणार नाही, मले माहीतच होतं. हे तुम्ही खरंच म्हणाले का, का सेवादासनं आपल्या मनानं जोडलं, ते कळवू नका.

उकंडा


बोरी अरब,
ता. १९ मार्च

नायकजी, रामराम. सगळ्या तांड्याले रामराम, ऐकतच असाल. पोपटवाल्यायले येगळा रामराम.

बेअरिंग आणलं, घातलं. डायनामो चढवला. मागच्या बोल्टची अन् माझी आता अशी ओळख झाली की डोळे मिटून हात घालतो. पट्टा चढवला, दोन बोटं ठेवली. पुन्हा पाह्यलं, दोन बोटं. ताईले अंगठ्यानं दाबून पाहायले लावलं, पेरभर.

मोटार सुरू केली. लाल दिवा विझला नाही.

मी खरं सांगतो. त्या वेळी माझे पाय फाटकाकडं वळले. कोणी बोलावलं नव्हतं, वाजंत्री नव्हती, अस्वल नव्हतं. नुसते वळले. भागीरथानं पाह्यलं. ती काही टोचून बोलली नाही, म्हणून मले जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "भाकर खाऊन जा. जायचंच तं उपाशी जाऊ नको."

मी भाकर खाल्ली. झुणका होता, कांदा होता. खाता खाता डोळ्यासमोर गंगी आली, तुमच्या दारात उभी, कोणी तिले सोडचिठ्ठीचं विचारून राह्यलं अन् ती मान खाली घालून उभी. ती कोणासमोर मान खाली घालत नाही हे मले माहीत आहे. तरी तसंच दिसलं. हात धुऊन मी मोटारीकडं आलो अन् ताईले म्हटलं, पुस्तक काढा.

मी खाली निजलो. ताई खुर्ची घेऊन बाजूले बसल्या अन् एक एक ओळ मराठीत करून वाचत गेल्या. एका पानावर निघालं. डायनामो खोलून जोडला की त्याच्या आतला चुंबक कधी कधी झोपते. त्याले जागं करायले बॅटरीची वीज एका क्षणाले त्याच्या बारीक खुंटीले दाखवायची, नुसती टेकवून काढून घ्यायची.

"एका क्षणाला म्हणजे किती?" ताई स्वतःलेच विचारून राह्यल्या.

"झोपलेल्या पोराच्या तोंडावर पाणी शिंपडतो तेवढं," भागीरथा म्हणाली.

तार टेकवली. टिचकन ठिणगी पडली. काढून घेतली. मोटार सुरू केली.

दिवा विझला, नायकजी. मी इंजिन पळवलं, विझलेलाच. समोरचे दिवे लावले, विझलेलाच. दारव्ह्यापर्यंत गेलो, परत आलो. बेअरिंगवर हात ठेवला तं कोमट, दुभत्या गायीच्या अंगासारखं. रडणं नाही, धूर नाही. भागीरथा पयल्यांदा मोटारीत बसली, मागं, पदर डोक्यावर ओढून, अन् गावातून जाताना कोणाकडंही पाह्यलं नाही. राणीसारखी.

आपल्याकडं होळी पहाटे पेटते, गावच्यासारखी सांजेले नाही. ताईले हे सांगितलं तं त्या म्हणाल्या, "बरंच झालं. पहाटे म्हणजे अंधारात निघावं लागेल. तुझे दिवे खरेच किती चालतात तेही पाहू. मी येते." म्हणून आम्ही होळीच्या पहाटे येतो. दिवे लावून येतो. होळीची लेंगी गाणी आमच्यासाठी थांबवू नका, आम्हाले दुरून ऐकू येऊ द्या.

उकंडा


बोरी अरब,
ता. ३० मार्च

नायकजी, रामराम.

हे पत्र आता डाकवाल्यालेच वाचायले लावा. तुमची वाचणारी इथं माझ्या बाजूले बसून मटकी निवडून राह्यली आहे.

पहाटेच्या वाटेचं तुमाले सांगायचं राह्यलं होतं. आर्णीच्या अलीकडं एका वळणावर तांड्यातल्या लेंगीचा आवाज आला, डफही आला. मी मोटार थांबवली. ताई म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, ऐकून राह्यलो. खरं म्हणजे मले भेव वाटलं होतं. मंग वाटलं, थांबलेले दिवे तांड्यातून कोणाले तरी दिसून राह्यले असतील. चाललो. नाल्यात उतरलो तवा दिवे पाण्यावर पडले अन् पलीकडच्या काठावरची तांड्याची एक बकरी उठून पळाली, ती कोणाची होती ते विचारा, सापडली नसंल तं मी भरून देतो.

तुम्ही काठी घेऊन समोर आले. मोटारीभोवती एक चक्कर मारली. बॉनेट उघडायले लावलं. अंगठ्यानं पट्टा दाबला. तवा मी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यलो होतो अन् तुम्ही पट्ट्याकडं, म्हणून तुमाले माहीत नाही की माझा श्वास कोंडलेला होता. मंग तुम्ही म्हणाले, "दिवे राहू दे." होळी पेटेपर्यंत, सगळे फेर होईपर्यंत दिवे राह्यले. बाया त्या उजेडात नाचल्या. उजाडलं तवा तुम्ही म्हणाले, "बंद कर." मी बंद केली. "आता चालू कर."

नायकजी, नसाबेतले सगळे उभे होते. ताई मागच्या सीटवर होत्या. चावी फिरवायच्या आधी मी गंगीकडं पाह्यलं. ती मान खाली घालून नव्हती. ती सरळ माझ्याकडं पाहून राह्यली होती, जसं काही तिले आधीच माहीत होतं अन् मीच उशीर करून राह्यलो होतो. मोटार एका फिरवण्यात सुरू झाली. तुम्ही खिडकीतून वाकून आत पाह्यलं, लाल दिव्याकडं. मंग याडीकडं वळून एवढंच म्हणाले, "पोरीचं गाठोडं बांध."

त्याच्यावर मले तुमाले जे सांगायचं होतं ते तवा सांगता आलं नाही, कारण सगळे मोटारीत बसून पाहायले मागत होते. ते आता लिहितो. ते असं की, नायकजी, मी

बापू, रामराम. पुढचं मी गंगी लिहिते.

हे पत्र असंच टाकून ते उठले. लाडखेडकडून माणूस आला होता, एका बाईचं अडलं आहे, अंधार पडून राह्यला. ताईंनी पिशवी उचलली, हे धावले. मी फाटकापर्यंत गेले. यांना म्हटलं, पत्र अर्धं राह्यलं. म्हणाले, राहू दे, आधी हे पुरं करून येतो.

मोटार सुरू झाली तेव्हा मी काचेतून आत पाहिलं. लाल दिवा विझला होता. मोठे दिवे पार पुलापर्यंत दिसत राहिले, मग वळणावर गेले.

काय सांगायचं होतं ते त्यांनी मला सांगितलं नाही. आल्यावर विचारीन. मटकी निवडून झाली. भागीरथाआजी म्हणते, चूल पेटव, येतील तेव्हा भुकेले असतील. तुम्ही काळजी करू नका. याडीला सांगा, मी इथं आहे.

गंगी